पैसे भरून छापलेला पेपर आपल्या मुलांच्या किती कामाचा?

पीएचडी करणाऱ्या कुठल्याही मुलाचा किंवा मुलीचा मोबाईल पाहा, त्यात या धर्तीचा एक तरी मेसेज सापडेल: पेपर पाठवा, दोन दिवसांत स्वीकृती, तिसऱ्या दिवशी प्रकाशन, आयएसएसएन नंबर आहे, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, सर्टिफिकेट मोफत, फी फक्त अमुक रुपये. खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि क्यूआर कोड.

आपल्या घरांत पीएचडीपर्यंत पोहोचलेला मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा खानदानातली पहिलीच असते. दहावी-बारावी, डीएड, इंजिनिअरिंगचे प्रवेश, हे सगळे आता अब्बा-अम्मींना तोंडपाठ झाले आहे. पण जर्नल म्हणजे काय, त्यात पेपर कसा छापतात, तो कोण तपासतो, हे विचारायचे कोणाला? मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले. तेव्हापासून बरीच मुले ट्यूशन घेऊन किंवा तासिका तत्त्वावर शिकवून संशोधन करत आहेत. अशा मुलाला तीन दिवसांत पेपर छापून मिळतो म्हटल्यावर तो घरच्यांकडून पैसे मागतो, आणि घरचेही खुशीने देतात. पेपर छापून आला की मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते.

मी शाळेत शिकवतो, विद्यापीठात नाही. पण शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे जाऊन असे प्रश्न घेऊन येतात, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला.

पेपर तपासतात म्हणजे काय करतात?

शोधनिबंधाला उर्दूत मकाला म्हणतात, बोलताना आपण सगळेच पेपर म्हणतो. वर्तमानपत्रातला लेख आणि शोधनिबंध यांत मोठा फरक आहे. शोधनिबंध लिहिणारा म्हणतो की मी एक नवी गोष्ट शोधली आहे, ती कशी शोधली ते इथे लिहिले आहे, आता तुम्ही तपासून पाहा. ही तपासणी छापण्याआधी होते. तिला पीअर रिव्ह्यू म्हणतात, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांनी केलेले परीक्षण.

चांगल्या जर्नलमध्ये पेपर गेला की आधी संपादक तो वाचतो. आपल्या विषयाचा नसेल किंवा फारच कच्चा असेल तर तिथूनच परत पाठवतो. योग्य वाटला तर दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. या जाणकारांना बहुतेक वेळा त्याचे पैसे मिळत नाहीत. ते आपल्या सवडीने वाचतात आणि लिहून कळवतात की नमुना कमी आहे, हा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही, अमुक संशोधकाने हेच दहा वर्षांपूर्वी सांगितले आहे ते वाचा. मग लेखक दुरुस्ती करतो आणि पेपर पुन्हा जातो. यात चार महिने जातात, कधी वर्षही जाते. नकार येणे ही अगदी नेहमीची बाब आहे. नावाजलेल्या प्राध्यापकांचेही पेपर परत येतात.

सामाजिक शास्त्रे आणि भाषांच्या अनेक जर्नलांत ही तपासणी दोन्ही बाजूंनी नावे झाकून होते. लेखक कोण हे परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला. या गोष्टीकडे आपल्या लोकांचे फारसे लक्ष जात नाही. नोकरीच्या अर्जावर, भाड्याच्या घरासाठी, सगळीकडे आपले नाव आपल्या आधी पोहोचते आणि त्याचा अनुभव काय येतो ते वेगळे सांगायला नको. इथे मात्र नाव झाकलेले असते. समोरच्याच्या हातात फक्त लिहिलेली पाने असतात. भिवंडीची मुलगी असो की दिल्लीच्या मोठ्या प्रोफेसरची, तिच्या पानांवरच फैसला होतो.

दुसरी गोष्ट टिप्पण्यांची. ज्याच्या घरात प्राध्यापक आहेत, त्याला जेवताना-बोलतानाही सल्ला मिळतो. आपल्या मुलांना तो मिळत नाही. गाईडकडे आठ-आठ विद्यार्थी, त्यांना वेळ नसतो. अशा वेळी देशातला एखादा जाणकार, जो या मुलीला ओळखतही नाही, तिचा पेपर ओळ न् ओळ वाचून दोन पाने टिप्पण्या लिहून देतो आणि एक रुपया घेत नाही. नकार आला तरी त्या टिप्पण्या हातात राहतात. तीन दिवसांत छापणारा जर्नल पैसे घेऊन नेमकी हीच गोष्ट काढून टाकतो.

दुकान कसे उघडले

फी घेणे हाच गुन्हा आहे असे कोणी समजू नये. पूर्वी जर्नलांचा खर्च ग्रंथालयांच्या वर्गणीतून निघायचा. ज्याच्या कॉलेजकडे पैसे नाहीत त्याला वाचायला मिळायचे नाही. त्यावर ओपन अ‍ॅक्सेस हा तोडगा निघाला. पेपर सगळ्यांना मोफत वाचायला मिळेल, खर्च लेखकाच्या संस्थेने किंवा संशोधनाला पैसा देणाऱ्याने द्यावा. विज्ञान-वैद्यकातले कितीतरी प्रामाणिक जर्नल अशी फी घेतात, आणि ती भरपूर असते. त्यांच्यात फीचा हिशोब वेगळा आणि पेपर घ्यायचा की नाही हा निर्णय वेगळा असतो. दुकानदारांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या: पैसे आले की पेपर स्वीकारला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा जर्नलांना प्रेडेटरी, म्हणजे शिकारी, असे नाव दिले.

२०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक बनावट पेपर तयार केला. दगडफुलासारख्या वनस्पतीतला एक पदार्थ कॅन्सरच्या पेशी रोखतो असा दावा, आणि त्यात मुद्दाम अशा ढोबळ चुका की विज्ञानाच्या चांगल्या विद्यार्थ्यालाही दिसाव्यात. लेखकाचे नाव खोटे, संस्थाही खोटी. हा पेपर फी घेणाऱ्या ३०४ जर्नलांकडे गेला. १५७ जर्नलांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. या जर्नलांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातून चालणारे होते.

भारतातच का? कारण मागणी आपल्या नियमांनी तयार केली. २००९ च्या यूजीसी नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर छापणे बंधनकारक झाले. २०१० पासून प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांच्या हिशोबावर आल्या. पेपर किती, याला गुण मिळू लागले. हजारो लोकांना एकाच वेळी पेपर हवे झाले आणि तेवढे चांगले जर्नल देशात नव्हते. पेपरची संख्या मोजणे सोपे, पेपर वाचणे अवघड. समित्यांनी सोपे काम केले. माझ्या मते खरा दोष इथे आहे. मुलांवर तो खापर फोडण्यासारखा नाही.

हैदराबादच्या ओमिक्स समूहाचे प्रकरण तर अमेरिकेच्या कोर्टापर्यंत गेले. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा दाखल केला की हे लोक परीक्षण होते असे खोटे सांगतात, फी आधी सांगत नाहीत, आणि शास्त्रज्ञांची नावे त्यांना न विचारता संपादक म्हणून लावतात. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला.

इकडे यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. उद्देश चांगला होता, पण विद्यापीठांनी सुचवलेली नावेही त्यात घेतली गेली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांपैकी १००९ जर्नल तपासले. मार्च २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये त्यांनी निकाल छापला: ८८ टक्के जर्नल निकषांत बसत नव्हते. कुठे पत्ताच नाही, कुठे संपादकांची नावे नाहीत, आणि निम्म्याहून जास्त जर्नलांनी आयएसएसएन किंवा इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल खोटी माहिती दिलेली किंवा संपादकांची पात्रताच संशयास्पद. दोन महिन्यांच्या आत यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नल काढून टाकले. पुढे यूजीसी-केअर नावाची नवी यादी आली, तिचे काम पुणे विद्यापीठातूनच चालायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता कोणता जर्नल चांगला हे विद्यापीठ आणि कॉलेजांनी ठरवायचे आहे, यूजीसीने फक्त निकष सुचवले आहेत.

याचा घरच्यांसाठी अर्थ असा, की आज कोणी यूजीसी मान्यताप्राप्त किंवा यूजीसी-केअर लिस्टेड असे सांगून पैसे मागत असेल, तर तो अशा यादीचा हवाला देतो आहे जी यूजीसी आता चालवतच नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीने काढून टाकली. काही विद्यापीठे स्वतःच्या नियमांत पेपर मागतात, ते तपासून घ्यावे. पण सिनियर सांगतात म्हणून घाबरून पैसे भरायचे कारण नाही. नोकरीच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना, २०१८ च्या नियमांप्रमाणे, एका पेपरला २ गुण आहेत. विद्यापीठातल्या जागेसाठी त्याचे जास्तीत जास्त १० गुण, कॉलेजमधल्या जागेसाठी ६. म्हणजे कॉलेजसाठी तीन चांगले पेपर पुरतात. वीस पेपरची फाईल घेऊन फिरण्यात काही हशील नाही.

नुकसान कशाचे होते

गेलेले पैसे हे सगळ्यात लहान नुकसान. पेपर एकदा छापला की तोच पेपर दुसरीकडे पाठवता येत नाही. एकच मजकूर दोन ठिकाणी छापणे हा स्वतःच गैरप्रकार मानला जातो. समजा एका मुलीने दोन वर्षे मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. ती माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही, एखाद्या चांगल्या जर्नलने आनंदाने घेतली असती. ती तीन दिवसांच्या जर्नलमध्ये गेली की कायमची तिथे अडकली. पेपर परत घ्यायचा म्हटले तर काही दुकानदार मागे घेण्याचीही फी मागतात. आणि वर्षा-दोन वर्षांनी वेबसाईटच बंद पडली तर लिंक उघडत नाही, अर्जात लावलेला पुरावा गायब.

मुलाखतीत तज्ज्ञ बसलेले असतात. त्यांना जर्नलांची नावे ओळखीची असतात. असे दोन पेपर दिसले की तिसऱ्या, खरोखर चांगल्या पेपरकडेही ते संशयाने पाहतात.

मग ओळखायचे कसे? मी मुलांना सांगतो, आधी त्या जर्नलचे मागचे दोन अंक उघडून वाचा. एकाच अंकात मराठी कविता, नॅनो टेक्नॉलॉजी, जीएसटी आणि योगासने असतील तर तिथे सगळ्या विषयांचा जाणकार कोण बसला आहे? संपादक मंडळातले एखादे नाव घ्या, ते ज्या कॉलेजचे सांगितले आहे तिथल्या ईमेलवर सरळ विचारा की आपण या जर्नलवर आहात का. लोक उत्तर देतात. आयएसएसएन हा फक्त ओळख क्रमांक आहे, वाहनाच्या नंबर प्लेटसारखा. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून तो मोफत मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून जो आकडा जगात मानला जातो तो क्लॅरिव्हेट ही संस्था काढते. बाकी ग्लोबल, इंटरनॅशनल, युनिव्हर्सल अशा नावांचे फॅक्टर विकत मिळतात. काही ठग चांगल्या जुन्या जर्नलच्या नावाने हुबेहूब वेबसाईट बनवतात, म्हणून छापील अंकावरचा पत्ता आणि वेबसाईट जुळते का ते ग्रंथपालाला विचारावे. ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची डीओएजे नावाची सूची इंटरनेटवर मोफत आहे, आणि तिच्यातले निम्म्याहून जास्त जर्नल लेखकाकडून काहीच फी घेत नाहीत. मुंबईतून निघणारे इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीही लेखकाकडून पैसे घेत नाही. तिथे जागा मिळणे कठीण आहे, पण पाठवायला खर्च येत नाही.

नाव कोणाचे, शब्द कोणाचे

पेपरवर नाव कोणाचे यावे यालाही नियम आहेत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणते की ज्याने कामात खरा वाटा उचलला, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग घेतला, शेवटचा मसुदा मंजूर केला आणि पुढे जबाबदारी घ्यायला तयार आहे, तोच लेखक. चारही गोष्टी हव्यात. आपल्याकडे विभागप्रमुखांचे नाव आदराने टाकले जाते. आदर वेगळा, लेखकपण वेगळे. आभार मानायला पेपरच्या शेवटी जागा असते. आता तर तयार पेपरवरची लेखकाची जागा विकणारे कारखाने निघाले आहेत. त्याच्या उलाढालीचा अंदाज एका उदाहरणावरून येईल: वायली या मोठ्या कंपनीच्या हिंदावी या प्रकाशनाला एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून जास्त पेपर मागे घ्यावे लागले.

दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवणे याला मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात, उर्दूत सर्का. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हा हिशोब सॉफ्टवेअर करते.

इथे आपल्या दोन भाषा जाणणाऱ्या मुलांना एक वेगळा मोह असतो. उर्दूतल्या जुन्या किताबातला मजमून मराठीत उतरवला की सॉफ्टवेअरला तो सहसा सापडत नाही. टक्केवारी शून्य येते. पण चोरी शब्दांचीच नसते, विचारांचीही असते, आणि अनुवाद करून मूळ लेखकाचे नाव गाळले तर ते वाङ्मयचौर्यच आहे. परीक्षक उर्दू जाणणारा निघाला तर एका मिनिटात पकडले जाते. उलट तेच मूळ लेखकाचे नाव देऊन, पान क्रमांक देऊन केले तर ते मोठे काम आहे. मराठीतल्या किती अभ्यासकांना उर्दू साधने थेट वाचता येतात? ती आपल्या मुलांची ताकद आहे. लपवून वापरली तर गेली.

चॅट-जीपीटीसारख्या साधनांबद्दलही हल्ली विचारतात. १९९७ पासून काम करणारी कोप ही प्रकाशन-नीतीची समिती म्हणते की अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही आणि वापरले असेल तर तसे लिहावे.

चांगल्या जर्नलमध्ये खोटे छापत नाहीत का?

छापले जाते. फेब्रुवारी १९९८ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. फक्त १२ मुलांवरचा अभ्यास, आणि त्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. ब्रिटनमध्ये लस घेणाऱ्यांचे प्रमाण घसरले. ब्रायन डीअर या पत्रकाराने पुढे शोधून काढले की लस कंपन्यांविरुद्ध दावा तयार करणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि मुलांच्या नोंदी बदललेल्या होत्या. लॅन्सेटने तो पेपर फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला, मे महिन्यात वेकफिल्ड यांची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. बारा वर्षे लागली, आणि ती शंका अजून फिरते आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे शाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा पालकांचे प्रश्न आम्हा शिक्षकांकडेच आले. अफवा वेगवेगळ्या होत्या, पण परदेशातल्या डॉक्टरांनीच लिहिले आहे, एवढ्या एका वाक्याने कुठल्याही अफवेला वजन येते. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली.

त्याच लॅन्सेटने २२ मे २०२० रोजी कोरोनावरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन औषधाविषयी ९६ हजार रुग्णांच्या माहितीचा पेपर छापला. ज्या कंपनीने ती माहिती दिली ती मूळ नोंदी दाखवू शकली नाही. जगभरच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. तेरा दिवस. जर्नल चांगला की वाईट हे ओळखायला मला हीच खूण सगळ्यात भरवशाची वाटते. चूक उघड झाल्यावर तो काय करतो? पेपरवर मागे घेतल्याची नोंद करून कारण लिहितो, की फोन उचलत नाही? मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉच ही नोंदवही इंटरनेटवर मोफत पाहता येते. कोणाचा हवाला देण्याआधी तिथे एकदा नाव टाकून पाहावे.

ज्यांचे पेपर आधीच अशा जर्नलमध्ये छापून गेले आहेत, त्यांनी घाबरू नये. प्रबंधातला तो भाग त्यामुळे बाद होत नाही, कारण प्रबंध वेगळे परीक्षक तपासतात. गाईडला स्पष्ट सांगावे. मागे घेण्याची फी मागितली तर भरू नये. पेपर मागे घेत असल्याचा ईमेल पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी. नोकरीच्या अर्जात तो पेपर गुणांसाठी दाखवू नये. त्याच विषयावर पुढचे काम करावे, नवी माहिती जमवावी, आणि नव्या पेपरमध्ये जुन्याचा उल्लेख करून ठेवावा. कॉलेजच्या ग्रंथपालाला त्या जर्नलचे नाव कळवले तर पुढच्या वर्षीची मुले तरी वाचतील.